मदत हवी आहे : विश्वाचं केंद्र आकृतीत कुठे दाखवू?

फुलीगोळा :
आकृती आजच पूर्ण करायची आहे. महास्फोट झाला ती जागा कुठे दाखवायची? जिथे बघावं तिथे 'विश्वाला केंद्र नाही' एवढंच. मग सगळ्या दीर्घिका आपल्यापासूनच लांब का पळतायत? स्फोट कुठेतरी झालाच असेल ना? कृपया फाटे फोडू नका.

निशाचर :
आकृती कसली? अख्ख्या विश्वाची की दृश्य विश्वाची?

पोपटपंची :
फुग्यावर ठिपके काढा, फुगवा. प्रत्येक ठिपक्याला बाकीचे लांब जाताना दिसतात. विषय संपला.

त्रिज्या :
संपला कसला! फुग्याच्या पोटात मध्य असतोच, आता हे तोच शोधत बसतील. साधे आकडे घ्या. एका रेषेत अ, ब, क, ड. अ पासून अंतरं १०, २०, ३०. अवकाश दुप्पट ताणलं की २०, ४०, ६०. आता ब वर बसून मोजा : अ आणि क १० चे २० झाले, ड २० चा ४०. जो दुप्पट लांब, तो दुप्पट वेगाने गेला. खगोलशास्त्रज्ञ हबलचा १९२९ चा नियम हाच, लमेत्रने तर १९२७ मध्येच मांडलेला. कुठेही बसा, आपणच मध्यभागी वाटतो.

सांजतारा :
'सगळ्या' नाही हं. शेजारची देवयानी दीर्घिका आपल्याकडे येतेय. गुरुत्वाने बांधलेलं काही ताणलं जात नाही, त्यामुळे सूर्यमाला फुगत नाही. आपण फुगतो त्याची कारणं वेगळी.

कालचक्र :
काळही प्रसरण पावतो, हे कोणीच कसं बोलत नाही?

त्रिज्या :
कारण प्रमाण मॉडेलमध्ये ताणलं जातं ते अवकाश. लांबचा अतिनवतारा (स्फोट झालेला तारा) फिका पडायला जास्त दिवस घेताना दिसतो, कारण प्रकाश वाटेत ताणला जातो. तिथलं घड्याळ संथ नसतं.

कालचक्र :
मी तेच म्हणतोय.

त्रिज्या :
अजिबात नाही.

दुर्बीणवेडा :
सुरुवातीला ६ इंची डॉब्सोनियन घ्या. डोळे झाकून.

फुलीगोळा :
दुर्बीण कोणी मागितली? आकृती दृश्य विश्वाचीच आहे, उघड आहे ना. त्रिज्या ४६०० कोटी प्रकाशवर्षं.

निशाचर :
उघड कुठे होतं! मग मध्यभागी पृथ्वी काढा. विश्व इथून सुरू झालं म्हणून नव्हे, तर जिथवरचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकतो ते वर्तुळ आपल्याभोवतीच पडणार. दुसऱ्या दीर्घिकेतला त्याचं वर्तुळ त्याच्याभोवती काढेल. महास्फोटाची फुली मात्र नको. त्यानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी सुटलेलं पार्श्वप्रारण, म्हणजे त्या वेळचा उरलेला प्रकाश, आज चहूकडून जवळपास सारखंच येतं, २.७ केल्विनचं. ते कडेला, गोल फिरवून दाखवा.

पोपटपंची :
वय १३८० कोटी वर्षं, मग त्रिज्या ४६०० कोटी कशी?

निशाचर :
प्रकाश वाटेत असताना मागचं अवकाश वाढतच राहिलं. ४६०० कोटी हे आजचं अंतर.

फुलीगोळा :
कडेला लिहिलं. रंग कोणता देऊ?

दुर्बीणवेडा :
६ इंचीतून पार्श्वप्रारण दिसत नाही, आधीच सांगतो.