मदत हवी आहे: ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड आत्ता, की १२ जीबीची वाट बघावी?

मंडळी, माझ्याकडं बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १४४०पी मॉनिटर. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० कार्ड घ्यावं का? १२८ बिटच्या बसवर (चिप नि मेमरीमधला डेटाचा रस्ता) मेमरीच्या चार चिपा, प्रत्येकी २ जीबी, म्हणून ८ जीबी. जीडीडीआर७ या मेमरीच्या ३ जीबीच्या चिपा लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०९० मध्ये आल्यात. तशा चार बसवल्या की १२ जीबी. पुढच्या कार्डात खरा फरक इथंच पडेल असं मला वाटतं, कोअर वाढून नव्हे. शिवाय कार्ड आठ लेनचं, बोर्डाचा पीसीआयई (कार्ड जोडायचा स्लॉट) ३.० पिढीचा, म्हणजे दोघांत सेकंदाला जेमतेम ८ जीबी डेटा जातो. व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) पीसीच्या रॅममधून येतं नि गेम अडखळतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीत कुणाकडं हे कार्ड नि असा बोर्ड असेल तर टेक्स्चर हाय ठेवून १ टक्का लो एफपीएस (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा सेकंदाला फ्रेमचा वेग) कळवा. सरासरी नको, तिच्यात झटके लपतात.