रायझरने मनगटं सुटतात, गुडघे नाही

स्पोर्ट्स बाईकवर लांब जाताना अंग अवघडत असेल, तर बाईक बदलण्यापेक्षा हँडलबार रायझर (हँडल वर उचलणारे तुकडे) बसवा, स्वस्तात काम होतं, असं काहीजण सांगतात. मनगटांपुरतं ते खरं आहे. पण फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) मागे आणि वरच राहतात, गुडघे तसेच दुमडलेले. माझ्या जुन्या स्पोर्ट्स बाईकला रायझर लावून पुणे-कोल्हापूर केलं. साताऱ्यापर्यंत हात मस्त होते, कराडला चहाला उतरलो तर उजवा पाय सरळच होईना.

आता कावासाकीची व्हर्सिस ६५० ही ताठ बसायची टूरिंग बाईक घेतली. इंजिन त्यांच्याच निन्जा ६५० या स्पोर्ट्स बाईकचंच, ६४९ सीसी. टाकी मात्र १५ ऐवजी २१ लिटरची. पाठ ताठ, पाय मोकळे, फार सुख आहे! फक्त सीटच्या उंचीबद्दल कुणी बोलत नाही. निन्जाची ७९०, हिची ८४५ मिमी. मी साडेपाच फुटी, सिग्नलला एकच पाय टेकतो, तोही चवड्यावर. बुकिंगआधी रायडिंग बूट घालून बसून बघाच.