असियागो म्हणजे फक्त चीज नव्हे

असियागो म्हणजे उत्तर इटलीतलं चीजसाठी प्रसिद्ध गाव. कोणीतरी म्हणलंय की तिथे चीज सोडून बघण्यासारखं काय आहे, तिथली वेधशाळा म्हणजे गावातली हौशी मंडळींची असेल. अहो नाही हो! पादुआ विद्यापीठाची आहे ती, आणि १९४२ साली ऐन युद्धात तिथे १.२२ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण सुरू झाली तेव्हा ती युरोपातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींपैकी एक होती. नाव गॅलिलिओचं, कारण त्याला जाऊन बरोबर ३०० वर्षं झालेली आणि पादुआत त्याने १८ वर्षं शिकवलेलं. नंतर गावातले दिवे वाढून रात्रीचं आकाश उजळायला लागलं, मग जवळच्याच चिमा एकार डोंगरावर १.८२ मीटरची दुसरी बसवली १९७३ ला, ती कोपर्निकसच्या नावाने, तोही पादुआतच शिकलेला (नावं ठेवावीत तर अशी).

आणि थंडीचं म्हणाल तर दुर्बिणीच्या घुमटात हीटर लावायची सोयच नाही, गरम हवा वर गेली की तारा थरथरतो, म्हणजे बाहेर बर्फ पडलेला आणि आत पण तीच गारठ. जुन्या काळी काचेच्या प्लेटवर फोटो घ्यायचे तेव्हा माणूस तासन्तास आयपीसला डोळा लावून तारा क्रॉसवायरवरून (आयपीसमधल्या फुलीसारख्या बारीक तारांवरून) हलू नये म्हणून बटणं दाबत बसायचा. मला तर विचारानेच हुडहुडी भरते.

दिव्यांवरून आठवलं, प्रकाश प्रदूषणाविरुद्ध इटलीत पहिला प्रादेशिक कायदा व्हेनेतोने, म्हणजे असियागो ज्या प्रांतात आहे त्यानेच केला, १९९७ ला. चीज मात्र खरंच भारी असतं, तेवढं मान्य.