ॲल्युमिनियम फ्रेमवर घरीच रोड बाईक उभी करायची आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पावडर कोटिंग करून घ्यावं का?

रंकाळा_राउंड

जुनी रिम ब्रेकची फ्रेम आहे. डाउन ट्यूबवर (खालच्या तिरक्या नळीवर) ६०६१ हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा क्रमांक लिहिलाय, साइझ ५४. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं) अंतर १३० मि.मी., बीबी (क्रँकच्या बेअरिंगची जागा) आट्यांची ६८ मि.मी., सीटपोस्ट २७.२. फोर्क कार्बनचा, स्टिअरर (फोर्कची वरची नळी) अजून कापलेला नाही. रंग जागोजागी उडालाय, म्हणून उद्यमनगरात सगळा रंग काढून पावडर कोटिंग करून घ्यायचा विचार आहे.

जुन्या बाजारात शिमानोच्या टियाग्रा ४७०० चे शिफ्टर चांगल्या स्थितीत मिळतायत, सोबत मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जुन्या ४६०० चा. दोन्ही दहा स्पीडच, मग चालतील ना? जोतिबा, पन्हाळ्याचे चढ नियमित करायचे आहेत, तर गिअर कसे ठेवावेत? आणि घरी करताना कोणतं काम हमखास बिघडतं तेही सांगा.

कानस_आणि_आटे

रंगाचं नंतर. आधी फ्रेम रॉकेल लावून स्वच्छ पुसा आणि टॉर्च आडवी धरून तीन जागा बघा: हेड ट्यूबला डाउन ट्यूब चिकटते तिथली खालची वेल्डिंग, बीबीच्या मागे चेनस्टेची (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांची) मुळं, सीट ट्यूबच्या कापाचं टोक. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर तिथला रंग नखाएवढा खरवडा. रेघ धातूतही उतरलेली असेल तर फ्रेम भंगारात. "टिग (वेल्डिंग) मारून देतो" म्हणणारे उद्यमनगरात पावलोपावली आहेत, हातही चांगले आहेत, पण इथे हाताचा प्रश्नच नाही. ६०६१ ची ताकद टी६ उष्णोपचारातून येते. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूची पट्टी मऊ पडते. ती ताकद परत आणायला अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून, विझवून, पुन्हा एज करावी (मंद उष्णतेत तासन्‌तास ठेवावी) लागते, आणि त्यात ती वाकडी होते.

आता कोटिंग. खरा धोका भट्टीत नसून टाकीत आहे. बहुतेक शॉप लोखंडाच्या कामासाठी बसवलेले असतात. जुना रंग काढायला गरम कॉस्टिक, मग गंज काढायला ॲसिड, मग फॉस्फेट. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा टाकून बघा, लगेच बुडबुडे येतात. ते बुडबुडे म्हणजे तुमची फ्रेम. मधल्या भागात ट्यूबची जाडी जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असते, त्यात परवडत नाही. शिवाय वेल्डिंगजवळच्या बारीक भोकांतून द्रव आत शिरतो आणि आतून खात बसतो.

म्हणून खिडक्यांचे ॲल्युमिनियम सेक्शन किंवा अलॉय व्हील जिथे कोट होतात तिथे जा. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची वेगळी प्रक्रिया असते. रंग मात्र घरीच काढून न्या: मोकळ्या हवेत पेंट रिमूव्हर, हातमोजे घालून, मग १८० आणि ३२० चा पॉलिश पेपर. फोर्कला रिमूव्हर लावायचा नाही, कार्बनचं रेझिन खराब होतं. वाळूच्या ब्लास्टिंगलाही नाहीच म्हणा.

भट्टी १८० ते २०० अंश, दहा-पंधरा मिनिटं. टी६ चं एजिंगच १६० ते १८० अंशांत आठ ते अठरा तास चालतं, त्यामुळे एकदा भाजण्यानं काही होत नाही. पण फिनिश आवडलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा भाजणं, किंवा लोखंडी गेटाच्या लॉटबरोबर भट्टी वर चढवून ठेवणं, हे नको. काम टाकताना समोरच सांगा.

मास्किंग स्वतः करून द्या. बीबीचे आटे, हेडसेटच्या दोन्ही बैठका, सीट ट्यूबची आतली बाजू, हँगरची (मागचा डिरेलर लटकतो त्या तुकड्याची) जागा, ड्रॉपआउटचे आतले-बाहेरचे गाल, ब्रेकचं भोक. कोटिंग ६०-८० मायक्रॉन बसतं. सीट ट्यूबमध्ये दोन्ही बाजूंना तेवढं चढलं की २७.२ ची पोस्ट हातोड्यानंही जात नाही.

घाट_गिअर

शिफ्टर-डिरेलरची ती जोडी घेऊ नका. दोन्ही दहा स्पीड असले तरी ४७०० ची केबल ओढ ११ स्पीडच्या हिशोबाची आहे, ४६०० ची जुनी. वरचे दोन-तीन गिअर बसल्यासारखे वाटतील आणि मधे कुठेतरी चेन दोन चक्रांच्या मधोमध कुरकुरत राहील. बॅरल ॲडजस्टर कितीही फिरवा, ते सुटणार नाही, कारण चूक प्रत्येक क्लिकला साचत जाते. ४७०० चे शिफ्टर घेतले तर डिरेलरही ४७०० चाच, लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेला) जीएस.

पुढे ५०-३४ दाते, मागे ११-३४. २५ मि.मी. टायरचा घेर साधारण २.१०५ मी. धरा. ३४-३४ वर पॅडलच्या एका फेरीत बाईक तेवढीच पुढे जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांच्या लयीत ताशी साडेसात किलोमीटर. मागे २८ ठेवलं तर त्याच लयीला ताशी नऊच्या वर वेग टिकवावा लागतो. जोतिबाच्या चढाला ते जमलं नाही की लय पन्नासच्या खाली येते आणि गुडघे बोलायला लागतात. उगाच मर्दुमकी नको, ३४ च घ्या.

डिरेलरची क्षमता (दात्यांच्या किती फरकाची ढिली चेन तो ओढून धरतो) तपासा: पुढचा फरक १६, मागचा २३, बेरीज ३९. छोट्या पिंजऱ्यात हे बसत नाही. चाकाचा फ्रीहब (कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा गठ्ठा, जिथे चढतो तो भाग) ११ स्पीडचा असेल तर दहाच्या कॅसेटमागे १.८५ मि.मी. चा स्पेसर लागतो. तो विसरलात तर लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला घट्ट होऊनही कॅसेट हातानं हलते.

चेनची लांबी: डिरेलरमधून न ओवता मोठ्या चेनरिंगवरून मागच्या मोठ्या चक्रावर गुंडाळा, टोकं जिथे जुळतील त्यात दोन कड्या मिळवा, एक आतली, एक बाहेरची. जुनी चेन मोजून तेवढीच तोडू नका, तिचं कॅसेट वेगळं असू शकतं.

सायकल_कट्टा_कोपू

कोटिंगबाबत वेगळं मत. चिरा नसतील तर रंग काढूच नका. उडालेल्या जागी ४०० चा पेपर, एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा अस्तर रंग), वर टच-अप, झालं. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजून झडत नाही. दिसण्यापलीकडे कोटिंगमधून मिळणार काही नाही, आणि धोके वर सांगितलेतच. तोच पैसा टॉर्क पान्यात घाला.

उद्यमनगराबद्दल आणखी एक. बीबीचे आटे बीएसए मापाचे, म्हणजे व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. मिलिमीटरमध्ये हे ३४.८ येतं आणि पिच १.०६. फिटरला व्हर्नियर लावल्यावर एम ३५ बाय १ वाटणं अगदी साहजिक आहे. तो टॅप एकदा फिरला की फ्रेमचे आटे गेले. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेनं आवळतात, हेही आधी सांगा. आटे मळलेले असतील तर जुन्या टूथब्रशनं रॉकेल लावून साफ करा, ग्रीस लावा आणि कप पहिले तीन-चार फेरे बोटांनीच बसवा. बोटांनी जात नसेल तर थांबा, पाना उचलू नका. शेवटी ३५ ते ५० न्यूटन-मीटर.

टायर ब्रेकमध्ये मावत असतील तर २८. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या गेल्यावर रस्त्याची काय अवस्था असते ते सगळ्यांना माहीत आहे.

रंकाळा_राउंड

धन्यवाद मंडळी. टॉर्च लावून बघितलं, चीर नाही. कोटिंग रद्द, टच-अप करतो. ४७०० चा जीएस डिरेलर शोधतोय. आता स्टिअरर कापायचं आणि केबलचं सांगा.

कानस_आणि_आटे

टच-अप तर टच-अप, हरकत नाही.

स्टिअरर: हेडसेट, खाली ३० मि.मी. पर्यंत स्पेसर, स्टेम आणि स्टेमच्या वर ५ मि.मी. चा एक स्पेसर, असं सगळं चढवून वरच्या कडेला खूण करा. कापायचं त्या खुणेच्या ३ मि.मी. खाली. हँडलची उंची अजून ठरली नसेल तर पहिल्यांदा जास्त ठेवा, कापलेलं परत जोडता येत नाही. खुणेवर मास्किंग टेप गुंडाळा, ३२ दात्यांचं नवं हॅक्सॉ ब्लेड घ्या, तोंडाला मास्क लावा, कापताना पाणी टाकत राहा. एका बाजूनं आरपार जाऊ नका, फिरवत फिरवत कापा, नाहीतर शेवटचे धागे फाटून निघतात. आत लोखंडी स्टारनट (वरच्या टोपीचा बोल्ट धरणारा काटेरी नट) ठोकायचा नाही, कार्बनला एक्सपांडर प्लग लागतो.

आवळताना क्रम महत्त्वाचा. स्टेमचे बोल्ट ढिले ठेवून वरची टोपी फक्त खुळखुळ जाईल इतकीच आवळा. पुढचा ब्रेक दाबून बाईक मागेपुढे ढकला आणि दुसऱ्या हाताचं बोट हेड ट्यूब व फोर्कच्या सांध्यावर ठेवा. बारीक टक्‌टक्‌ बोटाला आधी कळते, कानाला नंतर. ती गेली की स्टेमचे दोन बोल्ट आलटूनपालटून ५ न्यूटन-मीटर. सीटपोस्ट ॲल्युमिनियमची असेल तर ग्रीस, कार्बनची असेल तर कार्बन पेस्ट. कोरडी ठेवली तर एका पावसाळ्यात फ्रेममध्ये रुतून बसते.

क्रँकची (पॅडलच्या दांड्याची) प्लास्टिकची टोपी बोटांच्या जोरानं, दीड न्यूटन-मीटरच्या आतच. मग डाव्या दांड्याचे दोन बोल्ट १२ ते १४, तेही आलटूनपालटून. आधी एकच पूर्ण आवळला तर दांडा तिरका बसतो.

घाट_गिअर

केबलचं माझ्याकडून. ब्रेकचं आउटर ५ मि.मी. चं, आत स्प्रिंगसारखी गुंडाळी. गिअरचं ४ मि.मी. चं, आत सरळ तारा. गिअरचं आउटर ब्रेकला कधीच नाही: जोतिबा उतरताना पूर्ण दाब दिला की त्या सरळ तारा टोकातून फुटून बाहेर येतात.

कापल्यावर टोकाकडे बघा, आतली पांढरी नळी चिमटून चपटी झालेली असते. दाभणानं गोल करा, टोक कानशीवर सपाट करा, मगच टोपी चढवा. गिअर जड चालतोय या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा डिरेलरमध्ये नसून या चिमटलेल्या नळीत असतं.

ट्यूनिंगच्या आधी हँगर सरळ आहे का ते गेजनं तपासून घ्या. रिमच्या चार जागी मोजून फरक ४ मि.मी. च्या आत हवा. हँगर बोल्टचा असेल तर त्याच आकाराचा एक जादा आणून ठेवा. त्यांचे आकार शेकड्यांनी आहेत, दुकानात फोटो नको, जुना तुकडाच घेऊन जा.