अनुभव धागा : चिंतेची गोळी आणि आटलेलं रडू

धागाकर्ती
'गोळी सुरू झाल्यापासून तू कोरडी झालीस' हे ज्यांनी घरच्यांकडून ऐकलंय, त्यांनी इथे लिहावं. मी एस्सिटालोप्राम घेते. धडधड गेली, झोप लागते, तक्रारीला जागा नाही. पण मैत्रिणीचे वडील गेल्याचं कळलं तेव्हा 'अरेरे' हा शब्द नुसता डोक्यात उमटला, पोटात काही हललं नाही. तिच्याकडे गेले, पोळ्या लाटून दिल्या, सगळं रीतसर केलं. डॉक्टर म्हणाले, हे 'इमोशनल ब्लंटिंग', म्हणजे भावना बोथट होणं, या गोळ्यांवर बऱ्याच जणांना कमीअधिक होतं.
विनंती : डोस लिहू नका, आणि कुणाला 'सोडून दे गोळ्या' सांगू नका. एकदम बंद केल्या की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होणं, असं नको ते मागे लागू शकतं.

शिक्षिका, सातारा
मिस्टर शिरवळला कंपनीत, म्हणजे रोज खंबाटकी घाट. पूर्वी माझे फोन ठरलेले : निघालात का, घाट उतरलात का. उशीर झाला की गॅस बंद करून मी दारात. सरट्रालिन सुरू झालं आणि दीड-दोन महिन्यांत फोन आपोआप थांबले. ते दहाला आले तरी मी जेवून, पेपर तपासून झोपलेली. सासूबाई जाऊबाईंना म्हणाल्या, "हिला आता कुणाचं काही पडलेलं नाही."
आधी वाईट वाटलं, मग राग आला. ते फोन त्यांच्यासाठी थोडेच होते? माझी छाती शांत व्हावी म्हणून मी गाडी चालवणाऱ्या माणसाला घाटात फोन उचलायला लावत होते! पण आमच्याकडे जो जास्त घाबरतो त्याचं प्रेम जास्त, असा हिशेब. परवा मिस्टरच म्हणाले, "फोन येत नाही, बरं वाटतं. पण कधीतरी करत जा."
वर्गातलं मात्र खटकतं. मूल दारातून आत आलं की घरी काहीतरी बिनसलंय हे मला चेहऱ्यावरून कळायचं. आता पोर रडायला लागल्यावर कळतं. मला ते परत हवंय. फोन नकोत.

फार्माकॉलॉजीचा विद्यार्थी, नागपूर
शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा 2016 सालचा एक प्रयोग सांगतो. एक उंदीर अरुंद नळीत कोंडलेला, दुसरा बाहेर मोकळा. मोकळा उंदीर सहसा धडपड करून नळीचं दार उघडायला शिकतो. मिडाझोलाम हे चिंता शमवणारं औषध दिलेले उंदीर सोबत्यासाठी दार उघडेनात. नळीत चॉकलेट ठेवलं की मात्र उघडत! म्हणजे हातपाय, डोकं चालत होतं. सोबत्याच्या घाबरण्याची झळ तेवढी पोचत नव्हती, असा अर्थ लावला गेला.
मिडाझोलाम हे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामच्या कुळातलं. वरच्या दोघींच्या गोळ्या वेगळ्या, त्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात. त्यांच्याबाबत व्हिएन्नातला 2019 चा अभ्यास आहे. नैराश्याचे रुग्ण औषधाआधी दुसऱ्याच्या वेदनेला निरोगी माणसांइतकाच प्रतिसाद देत होते, तीन महिन्यांच्या उपचारानंतर तो मंदावला. पण ते नैराश्याचे रुग्ण होते, चिंतेचे नव्हेत, हे ध्यानात ठेवा.

धागाकर्ती
छान सांगितलंस. फक्त उंदरांवरून थेट आपापल्या सुनांवर कुणी उडी मारू नये.

आयटी, हिंजवडी
क्लोनाझेपाम, अडीअडचणीला. घेतल्यावर टीममधल्या मुलाची नोकरी गेल्याचा मेल वाचला आणि पुढचा मेल उघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात कालवाकालव झाली, मग त्याला फोन केला. मला उशिरा होतं, इतकंच.

निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली
माझं नेमकं उलट. बायकोच्या केमोच्या वेळी माझाच घाम, माझंच बीपी. सलाईन लावलेली ती मला धीर द्यायची. औषध लागू पडल्यावर पहिल्यांदा तिच्याशेजारी बसून 'तुला कसं वाटतंय' विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकलं. डोळ्यांत पाणी येत नाही, हे खरं. तिला त्याची गरज नव्हती.

गृहिणी, सासवड
गोळ्या नवऱ्याच्या. माउलींची पालखी दिवेघाट चढून आली की हा माणूस दरवर्षी ढसाढसा रडायचा. गेल्या वर्षी हात जोडले आणि विचारलं, "चहा घ्यायचा का?" मला धस्स झालं. त्याला काहीच नाही. जे वाटतच नाही ते तो डॉक्टरांना काय सांगणार? म्हणून पुढच्या वेळी मीच सोबत गेले. गोळी बदलायची की मात्रा कमी करायची, यावर डॉक्टर आम्हा दोघांशी बोलले आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. रडणं अजून तितकंसं नाही, पण क्रिकेट बघताना पुन्हा टीव्हीवर ओरडतो, माझ्याशी भांडतोही. मामंजी म्हणतात, वाढवा परत ती गोळी.