केमिकल बायॉलॉजीत पोस्टडॉक करून हार्टचं औषध सापडतं, की नुसती वर्षं जातात?

फ्लास्कवाली:
पुण्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी झाली, गेल्या महिन्यात डिफेन्स. आता हातात दोन गोष्टी आहेत, बोस्टनला एका लॅबमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम (लिव्हरमधलं एक प्रोटीन एलडीएल रिसेप्टरशी, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेणाऱ्या प्रोटीनशी, काय खेळ करतं ते केमिकल प्रोब, म्हणजे प्रोटीनला चिकटणारा खास बनवलेला रेणू, लावून पकडायचं) नाहीतर हैदराबादला सीआरओत (दुसऱ्या कंपन्यांसाठी संशोधन करून देणारी कंपनी) मेडकेमची, म्हणजे औषधाचे रेणू बनवायची, नोकरी. माझं मत म्हणजे पोस्टडॉकलाच जावं. सीआरओत क्लायंट स्ट्रक्चर पाठवतो, आपण सात-आठ स्टेप्स करून पावडर कुपीत भरून द्यायची, रेणू कशासाठी होता तेही कळत नाही. घरचे विरोधात आहेत. बोला.

अडकलेला_कॉलम:
घरचे बरोबर आहेत ताई. मी साडेचार वर्षं काढली तिकडे. एनआयएच ह्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा नव्या पोस्टडॉकचा स्टायपेंड २०२४ ला वर्षाला ६१,००८ डॉलर होता, त्यात बोस्टनचं भाडं भरून दाखवा. आणि मुळात ह्या फील्डमध्ये प्रोबने काय मिळालंय? पीसीएसके९ घ्या, एलडीएल रिसेप्टर मोडीत काढणारं प्रोटीन, २००३ ला फ्रेंच कुटुंबांत त्याच्या जीनमध्ये म्युटेशन सापडलं, २००६ ला डॅलसच्या कोहेन-हॉब्जनी दाखवलं की ज्यांच्यात हा जीन जन्मतःच बंद पडलाय त्यांचं एलडीएल कमी आणि हार्टचा त्रास तर फारच कमी, २०१५ ला त्याला अडवणारी अँटीबॉडी औषध म्हणून बाजारात. केमिस्ट कुठे होता ह्यात?

पेठेतला_पेप्टाइड:
कॉलमराव, सोयीचं तेवढंच सांगताय. जीएलपी-१ हे आतड्यातून येणारं हॉर्मोन रक्तात दोनेक मिनिटं टिकतं, डीपीपी-४ एन्झाइम तोडून टाकतं. त्याचीच नक्कल असलेलं सेमाग्लुटाइड हे औषध आठवड्यातून एकदा पुरतं कारण कोणीतरी डोकं लावून एन्झाइम कापतं तिथलं ॲलानिन बदललं आणि लायसिनवर फॅटी ॲसिडची शेपटी लावली जी रक्तातल्या अल्ब्युमिन प्रोटीनला धरून बसते. ही केमिस्ट्री नाही तर काय भजन आहे? २०२३ च्या सेमाग्लुटाइडच्या सिलेक्ट ट्रायलमध्ये १७,६०४ जण होते, वजन जास्त, हार्टचा आजार आधीच असलेला पण डायबेटिस नसलेले, त्यांच्यात हार्ट ॲटॅक-स्ट्रोक-हार्टने मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी.

अडकलेला_कॉलम:
ते सेमाग्लुटाइड नोवो नॉर्डिस्क कंपनीत झालं हो, पगारी माणसांनी. पोस्टडॉकचा काय संबंध?

पेठेतला_पेप्टाइड:
आणि त्याआधी? जीएलपी-१ चा नेमका कुठला तुकडा कामाचा ते स्वेतलाना मोय्सोव्ह ऐंशीच्या दशकात बोस्टनच्याच मास जनरल हॉस्पिटलमध्ये पेप्टाइड बनवून बनवून शोधत होत्या. कंपनी नव्हती ती.

अडकलेला_कॉलम:
वा, माझंच काम सोपं केलंत. पेटंटवर नाव यावं म्हणून भांडावं लागलं त्यांना, लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला २०२४ ला!! हेच तर सांगतोय मी मघापासून.

कुपी_नंबर_४७:
मी त्या पावडर भरणाऱ्यांपैकीच, हैदराबाद, नऊ वर्षं. राग नाही आला, खरंय ते. तरी ताई तुम्ही जा असंच म्हणेन. टॉर्सेट्रॅपिब आठवतंय का, फायझरचं? एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वाढवायला आणलं, वाढवलंही, पण डिसेंबर २००६ ला १५ हजार जणांची ट्रायल बंद करावी लागली कारण औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त. टार्गेट, म्हणजे ज्या प्रोटीनला अडवायचं ते, बरोबर अडवलं होतं, पण रेणू भलतीकडेही हात मारत होता, अल्डोस्टेरॉन हॉर्मोन वाढत होतं, बीपी चढत होतं. रेणू पेशीत गेल्यावर आणखी कोणाला चिकटतो हे बघायला शिकायचं तर तुमच्या त्या लॅबमध्येच, आमच्याकडे नाही. फक्त एक विचारून घ्या, पेशींवरचं काम तुम्हीच करणार ना? कारण अशा लॅबमध्ये ऑरगॅनिकवाला गेला की बायॉलॉजीवाले त्याच्याकडून प्रोबच बनवून घेतात, म्हणजे सीआरओच, वर बर्फ उपसायचा.

फ्लास्कवाली:
दादा, हे डोक्यातच नव्हतं आलं. काल पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला, मेल केली. उत्तर आलंय, पहिलं वर्ष सिंथेसिस, पुढचं मग बघू.

अडकलेला_कॉलम:
"मग बघू" मी साडेचार वर्षं ऐकलं ताई.

पेठेतला_पेप्टाइड:
मेलमध्येच लिहून मागा की, दुसऱ्या वर्षी ॲसे, म्हणजे पेशींवरच्या चाचण्या, कोण करणार. घाबरायचं काय त्यात.