तुम्ही काय म्हणता : बोरीबंदर, व्हीटी की सीएसएमटी?

काल टॅक्सीत बसताना तोंडातून "व्हीटी" निघालं. लेक विचारते, "आई, ते कुठे आलं?" माझी आजी शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायची. लहानपणी तिथल्या तिकीटघराच्या निळ्या छतावरच्या सोनेरी चांदण्या बघत राहिले आणि बाबांचं बोट सुटलं. सापडले तेव्हा बाबाच जास्त घाबरलेले. तुमच्या आठवणी लिहा.

डोंबिवली फास्ट
उभ्यानेच टाइप करतोय, चुका माफ. 22 वर्षं रोज उतरतोय, मान वर केली ती गेल्या वर्षी, बार्शीचा चुलतभाऊ आला तेव्हा. म्हणे घुमटावर बाई कोण? म्हटलं, असेल एखादी देवी 😀

कोळसापेन्सिल
अहो दादा, ती 'प्रगती'! हातात मशाल, बाजूला चाक. फाटकावर सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. कोरीवकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या त्या काळच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, म्हणून आम्हालाही रेखाटनाला तिथेच पिटाळायचे. तीन दिवस एक मोर काढला. तिसऱ्या दिवशी कबुतराने सही केली.

घाटपांडे_काका
जरा दुरुस्ती. 16 एप्रिल 1853 ला ठाण्याची पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली तेव्हा ही इमारत नव्हतीच. वास्तुविशारद स्टीव्हन्सने काम सुरू केलं 1878 ला. राणीचं नाव 1887 ला, शिवाजी महाराजांचं 1996 ला, त्यात 'महाराज' 2017 ला. म्हणजे आजी बरोबर होत्या!

धागाकर्ती
काका, आजीला हे कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

सायली_के
26/11 ला ऑफिसात काम लांबलं म्हणून नेहमीची लोकल चुकली. उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून लोकांना बाहेर काढत होते तेव्हा मी अजून फोर्टातच. अजूनही त्या हॉलमधून जाताना पाय भराभर उचलले जातात. कुकर लावलाय, एवढंच.

डोंबिवली फास्ट
🙏 ताई.

पेठेतला
आम्हा पुणेकरांना स्टेशन म्हणजे डेक्कन क्वीनची पाटी दिसली का, बस. आणि आतलं ऑम्लेट.

कोळसापेन्सिल
ऑम्लेट? कटलेट हो!

पेठेतला
कटलेट परतीच्या गाडीत. सकाळी कोण खातं?

डोंबिवली फास्ट
मी. मशीद आलं, उतरायची तयारी. कटलेटचा वेगळा धागा काढा कोणीतरी.